विहिरीतला पोहणारा आणि केल्पचे अरण्य: थंड पाण्यातील डायव्हिंगविषयी सविस्तर उत्तर

आपला प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे उत्तर वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. आपण औसा तालुक्यातील आहात, वय 49 आहे, पोहणे शेतातल्या विहिरीत शिकला आहात आणि आज गावातल्या मुलांना शिकवता. दोन वर्षांपूर्वी अंदमानात डायव्हिंगचे ओपन वॉटर हे प्राथमिक प्रमाणपत्र घेतले असून आजवर 11 डायव्ह झाल्या आहेत. सप्टेंबरअखेर मुलीकडे कॅलिफोर्नियातील सॅन होजेला जाणार आहात आणि तेथून दीड तासाच्या अंतरावरील मॉन्टेरेच्या केल्पच्या, म्हणजे समुद्रात उंच वाढणाऱ्या शैवालाच्या, जंगलात उतरण्याची इच्छा आहे. केल्पमध्ये पाय अडकला तर काय करायचे, डिसेंबरातही पहाटे विहिरीत उडी मारणाऱ्याला 12-13 अंशांचे पाणी सोसेल की नाही, आणि मराठवाड्यात बसून कोणती तयारी करता येईल, अशा तीन शंका आपण विचारल्या आहेत.

मी पैठणचा. नाथसागराच्या काठी वाढलो आणि पुढे डायव्हिंग शिकवण्याच्या कामात मॉन्टेरे आणि केप टाऊनजवळचा फॉल्स बे या दोन्ही ठिकाणी काही हंगाम काढले. त्या अनुभवावरून स्पष्ट सांगतो की आपली भीती चुकीच्या गोष्टीला चिकटली आहे. केल्प आपल्याला फारसा त्रास देणार नाही, त्रास देईल तो गारठा आणि त्या गारठ्यासाठी अंगावर चढवलेला सूट व वजन. त्यामुळे आपण तिसऱ्या क्रमांकावर ठेवलेल्या तयारीला मी सर्वाधिक जागा देणार आहे.

प्रथम विहिरीचा गैरसमज दूर करू. डिसेंबरच्या पहाटे बाहेर 9-10 अंश तापमान असते तेव्हा विहिरीवर वाफ दिसते, आणि उडी मारली की पाणी अंगाला कोमट लागते. याचे कारण भूजलाचे तापमान वर्षभर फारसे बदलत नाही आणि आपल्या भागात ते 25 अंशांच्या आसपास राहते. म्हणजे आपण ज्याला थंडीची सवय म्हणता ती थंड हवेची सवय आहे, थंड पाण्याची नव्हे. पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने उष्णता वाहून नेते, म्हणून 12 अंशांची हवा आणि 12 अंशांचे पाणी यांची तुलनाच होऊ शकत नाही. अंदमानात आपण 28-29 अंशांच्या पाण्यात उतरला होता, त्याच्या निम्म्याहूनही कमी तापमान येथे असेल.

अशा पाण्यात शिरताच शरीर जे करते त्याला शीतधक्का म्हणतात. छाती आपोआप आवळते, एक मोठा श्वास ओढला जातो आणि मग धाप लागल्यासारखे भराभर श्वास सुरू होतात. हा प्रकार पहिल्या अर्ध्या मिनिटात सर्वांत तीव्र असतो आणि दोन-तीन मिनिटांत ओसरतो. पोहण्यातील कौशल्याचा येथे काहीही उपयोग नसतो, उलट चांगला पोहणारा हात मारून अंग गरम करू पाहतो आणि धाप वाढवून घेतो. फॉल्स बेमध्ये माझ्या पहिल्या डायव्हला मी नेमके हेच केले. गोदावरीच्या पुरात पोहलेला माणूस एवढ्याशा पाण्याला काय घाबरणार, या तोऱ्यात मी पाण्यात शिरताच खाली निघालो. कपाळात दातदुखीसारखी कळ गेली, ओठ बधिर झाल्याने रेग्युलेटर (सिलिंडरमधील हवा पुरवणारे साधन) तोंडात धरला आहे की नाही हेच कळेना, आणि सहा मीटरवरून मला वर यावे लागले. सोबतची मार्गदर्शक काही बोलली नाही. तिने पृष्ठभागावर आडवे पडून तोंड पाण्यात बुडवून दाखवले आणि दोन बोटे वर केली: दोन मिनिटे. ती दोन मिनिटे मी आजही प्रत्येक थंड डायव्हच्या आधी घेतो. बीसीडी (हवा भरून तरंगता येणारे जाकीट) फुगवून तरंगायचे, चेहरा पाण्यात ठेवायचा, उच्छ्वास लांबवायचा आणि श्वास स्वतःहून जागेवर आल्याखेरीज खाली जायचे नाही.

येथे एक वैद्यकीय बाब टाळता येणार नाही. थंड पाण्यात त्वचेकडील रक्तवाहिन्या आकसतात, रक्त छातीकडे ढकलले जाते आणि रक्तदाब चढतो. वय पन्नाशीकडे झुकलेल्या आणि रक्तदाब असलेल्या डायव्हरांमध्ये पाण्यातच फुप्फुसांत द्रव साचण्याचा धोका यामुळे वाढतो. पाण्यात असताना श्वास पुरेनासा होणे, खोकला येणे, फेसाळ थुंकी पडणे ही त्याची लक्षणे होत, आणि ती दिसताच डायव्ह तेथेच थांबवून पाण्याबाहेर पडायचे असते. आपण निघण्यापूर्वी ईसीजी आणि रक्तदाब तपासून घ्या, गोळी चालू असेल तर डॉक्टरांना डायव्हिंगचे सांगा, आणि डायव्हिंगचे साहित्य भाड्याने देणाऱ्या दुकानातील आरोग्यपत्रकात खरे तेच लिहा.

आता सूट. ड्रायसूटमध्ये अंग कोरडे राहते ही गोष्ट खरी, पण त्यात हवा भरणे आणि सोडणे हे वेगळे शिक्षण आहे. हवा पायांकडे गेली की माणूस पाय वर, डोके खाली अशा अवस्थेत वर उचलला जातो, आणि ज्याला गुडघे पोटाशी घेऊन कोलांटी मारता येत नाही तो तसाच पृष्ठभागावर फेकला जातो. आपल्या 11 डायव्ह झाल्या आहेत आणि तेथे तीन-चारच करायच्या आहेत, म्हणून माझे मत ड्रायसूटच्या विरोधात आहे. 7 मिलिमीटर जाडीचा रबरी वेटसूट, त्यावर डोके झाकणाऱ्या हूडसह बाही नसलेले जाकीट, 5 मिलिमीटरचे हातमोजे आणि बूट एवढ्यात 30 ते 35 मिनिटांची डायव्ह सुखाने होते. दिवसाला दोनच डायव्ह करा आणि दोहोंच्या मध्ये ओला सूट काढून कोरडे कपडे घाला.

सूट घट्ट असलाच पाहिजे. एका दुकानात माझ्या मापाचा सूट शिल्लक नव्हता म्हणून मी एक माप मोठा घेतला होता. प्रत्येक हालचालीला मानेतून पाण्याचा एक घोट पाठीच्या कण्यावरून खाली उतरायचा, आणि विसाव्या मिनिटाला माझ्या बोटांना क्लिप लावता येईना. कमरेच्या वर पोकळी राहत असेल किंवा बगलेत कापड लोंबत असेल तर तो सूट परत करा, रांगेत मागे कितीही लोक उभे असोत.

वेटसूट उबदार का असतो हे समजले की वजनाचे गणितही समजते. निओप्रीनच्या रबरात वायूचे लाखो बारीक बुडबुडे असतात आणि खरी ऊब त्यांचीच असते, जशी गोधडीची ऊब तिच्या थरांत अडकलेल्या हवेची असते. सूटची ही कल्पना 1952 च्या सुमारास बर्कलेच्या ह्यू ब्रॅडनर या भौतिकशास्त्रज्ञाने मांडली. परंतु 10 मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो आणि त्या बुडबुड्यांचे आकारमान निम्म्यावर येते. म्हणजे गोधडी दबते, ऊब कमी होते, आणि पृष्ठभागावर आपल्याला वर उचलणारा तोच सूट खाली उचलेनासा होतो. अंदमानात 3 मिलिमीटरच्या सूटवर आपण चार-पाच किलो वजन लावले असेल, येथे 10 ते 13 किलो लागते. एवढे वजन घेऊन नवखा माणूस खाली निघाला की पाच-सहा मीटरनंतर दगडासारखा जाऊ लागतो, घाबरून बीसीडीत भरपूर हवा भरतो, आणि मग तीच हवा फुगून त्याला वर ओढते. मी पाहिलेल्या बहुतेक फसलेल्या केल्प डायव्ह अशा वर-खाली होण्यानेच फसल्या होत्या.

यावर उपाय असा की पहिला अर्धा तास निव्वळ वजन ठरवण्यात घालवावा. सिलिंडर जवळजवळ रिकामे असताना, बीसीडीत हवा नसताना आणि साधा श्वास छातीत धरलेला असताना पाण्याची रेषा डोळ्यांवर आली पाहिजे. भरलेल्या सिलिंडरने तपासत असाल तर आणखी सुमारे दोन किलो वजन ठेवा, कारण नेहमीच्या अॅल्युमिनियम सिलिंडरमधील हवेचेच वजन अडीच किलोंच्या वर असते आणि ती संपत जाते तसे सिलिंडर हलके होते. खाली जाताना हवा थोडी थोडी, सुरुवातीपासूनच भरत जा. आपण दगड झाल्यावर हवा भरायला लागलात तर उशीर झालेला असतो.

रेग्युलेटर थंड पाण्यासाठी बनवलेला, म्हणजे पहिल्या टप्प्यात (सिलिंडरला जोडलेल्या भागात) बाहेरचे पाणी शिरू न देणारा असावा. दाबाखालील हवा एकदम प्रसरण पावते तेव्हा ती प्रचंड गार होते, त्यामुळे आत बर्फ धरून हवा अखंड वाहू लागण्याचा प्रकार 10 अंशांखाली विशेष होतो. 12-13 अंशांत तो विरळ आहे, तरी श्वास ओढताना त्याच क्षणी बीसीडी फुगवू नये. वाहू लागलाच तर रेग्युलेटर ओठांत सैल धरून हवा चुसकीसारखी घ्या, बडीला (जोडीदार डायव्हरला) खूण करा आणि त्याच्यासह वर या.

आता केल्प. आपल्या डोळ्यांपुढे नांदेडच्या गोदावरीतील जलपर्णी किंवा तळ्यातले शेवाळ असावे, म्हणून पायाला विळखा पडण्याची धास्ती वाटते. मॉन्टेरेचे महाकेल्प हे तपकिरी शैवाल आहे, पण ते तळाच्या खडकाला धरून थेट पृष्ठभागापर्यंत उभे वाढते. खाली मुळांसारखा दिसणारा गुंता असतो, तो फक्त खडक पकडतो, अन्न शोषत नाही. तेथून बोटाएवढ्या जाडीचे दांडे वर निघतात आणि प्रत्येक पानाच्या बुडाशी हवेचा एक फुगा असतो. लहानपणी आपल्या पाठीला भोपळा बांधून विहिरीत सोडत, या वनस्पतीसारख्या जीवाने प्रत्येक पानाला एकेक भोपळा बांधून घेतला आहे. अनुकूल पाण्यात ते दिवसाला 30 सेंटिमीटर, क्वचित त्याच्या दुपटीनेही वाढते आणि 30 मीटरहून लांब होते. पृष्ठभागावर पोहोचले की आडवे पसरून छत धरते. त्या छताखाली मात्र उसाच्या फडासारखी दाटी नसते, तर आमराईतल्यासारखी मोकळीक असते. खोडाखोडांमध्ये माणूस सहज जाईल इतके अंतर असते आणि वरून उन्हाचे कवडसे तिरपे उतरतात.

आपण निवडलेला काळ उत्तम आहे. वसंत ऋतूत वारे किनाऱ्यावरचे पाणी बाहेर लोटतात आणि खालचे 9-10 अंशांचे, पोषक द्रव्यांनी भरलेले पाणी वर येते. त्यामुळे केल्प जोमाने वाढते, पण पाणी हिरवे आणि गढूळ होते. सप्टेंबर-ऑक्टोबरात हे मंदावते, तापमान दोन-चार अंशांनी वर असते आणि दृश्यता वर्षातली सर्वांत चांगली मिळते. मात्र हिवाळी वादळांनी तोडण्याआधीचे छत याच काळात सर्वाधिक दाट असते, म्हणून पुढील सवयी अंगी बाणवा.

छतातील मोकळी जागा शोधून पाय खाली ठेवून सरळ उतरा. डोके खाली करून सूर मारण्याची विहिरीतली सवय येथे पूर्ण सोडा. उतरण्यापूर्वी होकायंत्रावर किनाऱ्याची आणि मोकळ्या पाण्याची दिशा पाहून ठेवा. लोंबणाऱ्या गोष्टी, म्हणजे पट्ट्यांची टोके, प्रेशर गेजची (हवेचा दाब दाखवणाऱ्या मापकाची) नळी, मास्कला अडकवलेला स्नॉर्केल, सर्व आवरून किंवा काढून ठेवा, कारण केल्प माणसाला पकडत नाही, त्याच्या बक्कलांना पकडते. फिनच्या (पायांतल्या पंखांच्या) पट्ट्यांची टोके आतल्या बाजूला वळवा. दांड्याच्या या बाजूने बडी आणि त्या बाजूने आपण असे कधीच जाऊ नका.

तरीही अडकलात तर गोल फिरू नका. फिरणारा माणूस सूत गुंडाळणाऱ्या चातीसारखा स्वतःभोवती केल्प गुंडाळत जातो. थांबा, एक हातभर मागे सरका, आणि बहुधा तेवढ्याने सुटाल. नाही सुटलात तर दांडा ओढू नका, कारण ओढल्यास तो रबरासारखा ताणतो. दोन्ही हातांत धरून कोवळ्या गवारीच्या शेंगेसारखा मोडा, तो कट्कन तुटतो आणि तो आवाज पाण्यातही जाणवतो. सुरी जवळ असावी, पण मला ती केल्पसाठी क्वचितच लागली. ती लागली जायकवाडीत, जेथे बुडालेल्या बाभळीच्या खुंटाला गुंडाळलेल्या मच्छीमारांच्या नायलॉन जाळ्यात माझा फिन अडकला होता आणि पाण्यात स्वतःचा हात दिसत नव्हता. नायलॉन मोडत नाही. त्या अनुभवानंतर केल्पची भीती मला कधी वाटली नाही.

उलट केल्प फार उपयोगी आहे. तळाशी लाटांचा हेलकावा असतो, दोन मीटर पुढे आणि दोन मीटर मागे, आणि पोहण्याचा अभिमान असलेला माणूस त्याच्याशी झुंजून हवा संपवतो. आपण पाने पाहा. ती पुढे झुकतात तेव्हा पुढे जा, मागे वळतात तेव्हा काही करू नका. वर येताना 5 मीटरवरच्या तीन मिनिटांच्या सुरक्षा थांब्यासाठी एक दांडा हलक्या हाताने धरला की दोर मिळतो. माझ्या एका विद्यार्थिनीने पहिल्याच थांब्यात तो दांडा आगगाडीतल्या कडीसारखा धरला होता, आणि तिच्या हातमोज्याजवळच्या पानावर नखाएवढी तपकिरी गोगलगाय संथपणे वर चढत होती. तीन मिनिटे आम्ही दोघे तिलाच पाहत होतो, गारठा आठवला तो बाहेर आल्यावर.

हवेचा हिशेब मात्र अंदमानासारखा ठेवून चालणार नाही. तेथे 50 मिनिटे पुरलेले सिलिंडर येथे 30-35 मिनिटांत संपेल. शिवाय तेथील गेज बहुधा पीएसआय या दाबाच्या एककात आणि खोली फुटांत असते. 3000 पीएसआय म्हणजे साधारण 207 बार, 33 फूट म्हणजे 10 मीटर, एवढे पाठ करून जा. 1000 पीएसआय, म्हणजे सुमारे 70 बार उरले की छताबाहेरच्या मोकळ्या पाण्याकडे निघा आणि तेथूनच वर या. वर येताना एक हात डोक्यावर धरा. हवा कमी पडून छताच्या मधोमध वर आलात तर तरंगत्या केल्पवरून जावे लागते. त्याची रीत अशी की बीसीडी फुगवून पालथे आडवे व्हायचे, हाताने पुढचे केल्प खाली दाबायचे, त्यावरून अंग सरकवायचे आणि पाय मागे शांत तरंगू द्यायचे. विहिरीसारखे पाय झाडलेत की फिन्स केल्पच्या पोटात शिरतात. हे सरकणे शंभर मीटर करून पाहिलेला माणूस पुन्हा गेजकडे दुर्लक्ष करत नाही.

जागेबद्दल सांगायचे तर पहिली डायव्ह मॉन्टेरेच्या ब्रेकवॉटरजवळ करा. दगडी बांधामुळे लाटा अडतात, उतार सौम्य आहे आणि बांधाच्या कडेने परतीची वाट चुकत नाही. जमले तर मग पॉइंट लोबोसच्या व्हेलर्स कोव्हला जा. तेथे परवाना आधी आरक्षित करावा लागतो, प्रमाणपत्र दाखवावे लागते आणि पाण्यातून काहीही उचलता येत नाही. कार्मेलजवळची मोनॅस्टरी बीच दिसायला फार मोहक असली तरी तेथे जाऊ नका. तिची जाड वाळू पायाखालून सरकते, उतार एकदम तुटतो आणि लाट थेट काठावर फुटते. तेथे अनुभवी डायव्हरही दगावले आहेत.

समुद्री पाणमांजरे दिसली तर दूरच राहा, कायद्यानेही त्यांना त्रास देणे गुन्हा आहे. फरसाठी इतकी शिकार झाली होती की 1938 मध्ये बिग सर या किनाऱ्याजवळ सुमारे 50 प्राण्यांचा कळप सापडला तेव्हा लोकांना आश्चर्य वाटले. ती केल्प अंगाभोवती गुंडाळून झोपतात, म्हणजे ज्याची आपल्याला भीती वाटते तीच त्यांची दावण. त्यांच्या अंगावर चरबीचा थर नसतो, म्हणून ऊब टिकवण्यासाठी दिवसाला स्वतःच्या वजनाच्या चौथाईइतके खातात, आणि त्यात समुद्री साळू (काटेरी चेंडूसारखे सागरी प्राणी) हेही असतात. साळू केल्पचे बुंधे कुरतडतात. 2013 पासून रोगाने साळू खाणारे सूर्यफूल तारामासे मेले आणि पाठोपाठ 2014 ते 2016 ची समुद्री उष्णतेची लाट आली, तेव्हा साळूंची बेसुमार वाढ होऊन उत्तर कॅलिफोर्नियातील 90 टक्क्यांहून अधिक केल्प नाहीसे झाले. मॉन्टेरेतही काही खडक उघडे पडले आहेत. एखाद्या जागी जंगलाऐवजी जांभळ्या साळूंचे शेतच दिसले तर आपण जागा चुकलात असे समजू नका.

शेवटी तयारी. विहिरीत किंवा धरणात एकट्याने सिलिंडर घेऊन सराव करू नका. जायकवाडी समुद्रसपाटीपासून 300 मीटरहून उंच आहे, तेथे डायव्हचे नेहमीचे तक्तेही जसेच्या तसे लागू पडत नाहीत. त्याऐवजी एका बादलीत बर्फ आणि पाणी घ्या, कोणाला तरी शेजारी बसवा आणि दोन्ही हात पाच मिनिटे त्यात ठेवा. मग हात काढून सदऱ्याची बटणे लावून पाहा. एकही बटण धड लागणार नाही, आणि बडीच्या क्लिपशी गाठ पडेल तेव्हा आपल्याजवळ हेच हात असतील. वैद्यकीय तपासणी निर्वेध झाली असेल तर तोंडही त्या पाण्यात बुडवून श्वास सोडण्याचा सराव आठवड्यातून तीन-चार वेळा करा. तोंड गार पाण्यात असताना श्वास सांभाळण्याची सवय त्याने होते. जलतरण तलावात जाड हातमोजे घालून मास्क काढणे आणि लावणे, वजनपट्टा सोडणे आणि बांधणे हे डोळे मिटून जमेपर्यंत करा. पायांसाठी खांद्यावर 20-25 किलोंचे पोते घेऊन बांधावरून चाला, कारण तेथे किनाऱ्यावरून पाण्यापर्यंत त्याहूनही जड ओझे घेऊन चालायचे आहे.

डायव्हच्या सकाळी पोटभर जेवून निघा, उपाशीपोटी अंग तापत नाही. मोठा थर्मास सोबत घ्या, त्यात चहा नको, सोसवेल इतके गरम पाणी ठेवा. पाण्यात शिरण्यापूर्वी त्यातले अर्धे हूडच्या मानेतून सूटमध्ये आणि हातमोज्यांत ओता. उरलेले दुसऱ्या डायव्हसाठी लागेल, तेव्हा झाकण घट्ट लावून गाडीत ठेवा. परतीच्या विमानाआधी शेवटच्या डायव्हनंतर किमान 18 तास जाऊ द्या.